पदवी हातात आहे, नोकरी नाही: देवस्थान, मठ, चर्च, विहार यांची मदत कशी घ्यायची

पदवी घेतलेली मुलं-मुली देवस्थानाच्या कार्यालयात येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, ‘इथं काही नोकरी लागेल का?’ उत्तरही ठरलेलं असतं. नाही. मग मूल हिरमुसतं आणि परत फिरतं. शेजारच्याच खोलीत देवस्थानाची पुस्तकपेढी असते, वर अभ्यासिका असते आणि विश्वस्त मंडळात एखादे निवृत्त बँक मॅनेजर असतात. त्यांच्याबद्दल त्याला कुणी सांगत नाही, कारण त्यानं तसं विचारलेलंच नसतं.

म्हणून सगळ्यात आधी एवढं डोक्यात पक्कं करा. धार्मिक संस्थेकडे नोकरी मागायची नाही. मागायच्या त्या तीन गोष्टी: बसायला जागा, हाताला हुन्नर आणि तुमच्याबद्दल खात्रीनं बोलणारं माणूस. या तिन्ही गोष्टी तिथे असतात, आणि ज्यांच्या घरात आजवर कुणी नोकरदार नव्हतं त्यांच्याकडे नेमक्या त्याच नसतात.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक वसतिगृहं निघाली आणि खेड्यातला मुलगा शहरात राहून शिकू शकला. नागपुरात दीक्षाभूमीच्या स्मारक समितीनं १९६४ मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू केलं. शेगावात १९८३ पासून संत गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. श्रद्धेनं दिलेला पैसा शिक्षणाकडे आणि रोजगाराकडे वळवायची ही वाट आपल्याकडे जुनी आहे. तुम्ही त्याच वाटेवर उभे आहात.

आधी स्वतःची उणीव लिहून काढा

मदत मागायला जाण्याआधी एक संध्याकाळ घरी बसा. तुम्हाला खरोखर करावीशी वाटणारी नोकरी ठरवा आणि तिच्या चार-पाच जाहिराती समोर ठेवा. त्यात काय मागितलंय आणि तुमच्याकडे काय नाही, ते वहीत लिहा. ‘इंग्रजी कच्चं’ असं मोघम लिहू नका. ‘फोनवर इंग्रजीत पाच मिनिटं बोलता येत नाही’ असं लिहा. बी.कॉम. झालेल्यांनी टॅली (हिशेब ठेवायचं संगणकीय सॉफ्टवेअर) येतं का आणि जीएसटीचं विवरणपत्र भरता येतं का, ते स्वतःला खरं खरं विचारावं. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर बाकी सगळी तयारी तिथेच अडते, हे अनेकांना फार उशिरा कळतं.

ही यादी झाली की कुठे जायचं हे आपोआप ठरतं. यादी नसेल तर समोरचा माणूस इच्छा असूनही मदत करू शकत नाही.

कोणाकडे काय मिळतं

संस्था म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मोठी देवस्थानं येतात, तर तिथूनच सुरुवात करू. मुंबईतला प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यास विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी चालवतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या शैक्षणिक कामात आयटीआयही आहे. पदवीनंतर आयटीआय म्हणजे मागे जाणं, असा एक समज आहे आणि तो मुलांचं फार नुकसान करतो. बी.एस्सी. झालेल्या मुलाला इलेक्ट्रिशियनचं काम रीतसर आलं, तर कारखान्याच्या देखभाल विभागात त्याला निव्वळ बी.एस्सी.वाल्यापेक्षा आधी विचारतात. आयटीआयला पदवीधरालाही प्रवेश घेता येतो.

हुन्नर हवा असेल तर ख्रिस्ती संस्थांकडे, त्यातही डॉन बॉस्कोच्या संस्थांकडे जरूर जा. सेलेशियन धर्मगुरूंचं हे काम मुळात बेकार तरुणांसाठीच सुरू झालं. इटलीतल्या तुरीन शहरात १८५२ मध्ये जॉन बॉस्को (हेच डॉन बॉस्को) या पाद्र्यानं एका सुताराशी लेखी करार केला होता. उमेदवार मुलाला सुतारकामच शिकवायचं, घरगड्यासारखं राबवायचं नाही, चुकला तर शब्दानं समज द्यायची, हात उगारायचा नाही आणि सणाच्या दिवशी सुट्टी द्यायची, अशा अटी त्यात होत्या. या कराराकडे पुढे पुन्हा येऊ, कारण आजही तो तुमच्या कामाचा आहे. भारतात ‘डॉन बॉस्को टेक’च्या केंद्रांमधून विक्री, हॉटेल, संगणक, विद्युत काम अशा क्षेत्रांतले थोड्या मुदतीचे वर्ग चालतात. त्यात कामाबरोबर बोलणं, वेळ पाळणं, मुलाखत देणं यांचीही तयारी करून घेतात. प्रवेशाला धर्माची अट नसते. केंद्रागणिक अभ्यासक्रम बदलतात, तेव्हा जवळच्या केंद्रात जाऊनच विचारा. गोव्यातल्या वाचकांना डॉन बॉस्को आणि आग्नेल ही दोन्ही नावं सांगायला नकोत. सुळकर्णेला डॉन बॉस्कोचं कृषी महाविद्यालय आहे, वेर्ण्याला आग्नेलचं तंत्रशिक्षण आहे. शिवाय अनेक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या सेवाभावी संस्थेचे कार्यकर्ते असतात. गरजूला परीक्षा फी किंवा प्रवासखर्चापुरती मदत ते गाजावाजा न करता करतात.

बसायला जागा हवी असेल तर बुद्ध विहार आणि मठ. विदर्भ-मराठवाड्यात, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत कितीतरी विहारांमध्ये अभ्यासिका चालतात. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला फुलं-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ वाहण्याचं आवाहन होतं, त्यामागचा विचारही हाच आहे. नागपूरला धंतोलीतल्या रामकृष्ण मठाचं ग्रंथालय शहरातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना माहीत आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कसा होणार? अशा घरातल्या मुलाला शांत टेबल मिळणं ही किरकोळ मदत नव्हे, अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

मुस्लिम समाजात जकातीचा पैसा मोठा आधार आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के रक्कम गरजूंसाठी काढायची, असा दंडक आहे, आणि बरेच लोक ती रमजानमध्ये देतात. त्यामुळे गावातल्या बैतुलमालकडे (समाजाच्या मदतनिधीकडे) किंवा मशिदीच्या कमिटीकडे शिक्षणासाठी अर्ज करायचा असेल तर रमजानच्या आधी करा, नंतर तिजोरी रिकामी असते. दिल्लीची जकात फाउंडेशन ऑफ इंडिया १९९७ पासून काम करते आणि तिच्या सर सय्यद कोचिंग केंद्रातून नागरी सेवा परीक्षेच्या उमेदवारांना आधार मिळत आला आहे. मुंबईच्या हज हाऊसमध्येही हज कमिटीनं यूपीएससीसाठी निवासी वर्ग चालवले. अशा वर्गांची प्रवेश परीक्षा असते आणि योजना वर्षागणिक बदलतात, म्हणून जुन्या बातमीवर विसंबून सामान बांधू नका.

जैन समाजात मुंबईचं श्री महावीर जैन विद्यालय हे शंभर वर्षांहून जुनं वसतिगृह आहे. कर्जाऊ शिष्यवृत्ती, म्हणजे शिकताना घ्या आणि कमावायला लागलात की फेडा, ही पद्धत अनेक जैन संस्थांनी मनापासून जोपासली. गुरुद्वाऱ्यांचं महत्त्व वेगळंच. मुलाखतीला परगावी गेलात आणि खिशात पैसे बेताचे असतील, तर दिल्लीच्या बंगला साहिबपासून नांदेडच्या हजूर साहिबपर्यंत लंगर सगळ्यांना खुला असतो. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, नंतर जमलं तर भांडी घासायला हात लावायचा. मुक्कामाला सराय असते, पण यात्रेकरूंना आधी जागा देतात आणि ओळखपत्र लागतं. आपल्याकडच्या भक्तनिवासांचंही तसंच.

अट काय आहे ते आधी विचारा

प्रत्येक न्यासाची उद्दिष्टं त्याच्या घटनेत लिहिलेली असतात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यासांची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, आणि उद्दिष्टात नसलेल्या गोष्टीवर विश्वस्तांना मनात असूनही खर्च करता येत नाही. काही निधी एखाद्या समाजापुरता असतो, काही एखाद्या तालुक्यापुरता, काही फक्त मुलींसाठी. ‘तुम्ही आमच्या अटीत बसत नाही’ असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. त्याच खुर्चीसमोर उभं राहून विचारा, ‘मग माझ्यासारख्याला कुठे विचारता येईल?’ धार्मिक संस्थांची माणसं एकमेकांना ओळखतात. पुढचा पत्ता बहुतेक वेळा याच प्रश्नातून मिळतो.

पहिली भेट आणि अर्ज

गुरुवारी दत्त-साईंच्या, मंगळवारी गणपतीच्या, शुक्रवारी मशिदीच्या आणि रविवारी चर्चच्या कार्यालयात काम घेऊन जाऊ नका. तिथे माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास जा. पुजाऱ्याला किंवा दारावरच्या सेवेकऱ्याला विचारत बसू नका, व्यवस्थापकांना भेटा. चर्चमध्ये फादर, विहारात भंतेजी, मशिदीत कमिटीचे सदर (अध्यक्ष) किंवा सचिव, गुरुद्वाऱ्यात ग्यानीजी किंवा प्रबंधक. नमस्कार, सलाम, जय भीम, सत श्री अकाल, जिथे जे चालतं ते मनापासून म्हणा. तुमचा धर्म वेगळा असेल तर लपवू नका, सांगा. खोटं पुढे कागदपत्रांत उघडं पडतंच.

तोंडी विनंती विसरली जाते, म्हणून अर्ज लेखीच द्या, एका पानाचा. असा काहीसा:

‘मा. व्यवस्थापक यांस, सप्रेम नमस्कार. मी यंदा बी.कॉम. द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाले. वडील हमाली करतात, घरात पाच माणसं आहेत. लेखापालाच्या नोकरीसाठी टॅली आणि जीएसटीचा तीन महिन्यांचा वर्ग करायचा आहे. फीपैकी निम्मी रक्कम मी शिकवण्या घेऊन भरेन. उरलेली निम्मी न्यासाच्या शैक्षणिक निधीतून मिळावी, ती थेट वर्गाच्या नावे दिली तरी चालेल. वर्ग पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात आणून देईन. सोबत गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, वर्गाचं फीपत्रक. आपली विश्वासू.’

या अर्जातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. रक्कम कशासाठी हे स्पष्ट आहे, स्वतःचा वाटा सांगितलाय, पैसे थेट वर्गाला द्या म्हटल्यामुळे विश्वस्तांची काळजी मिटते, आणि शेवटी हिशेब द्यायची तयारी आहे. ‘गरीब आहे, काहीतरी मदत करा’ असा अर्ज बैठकीत मागे पडतो आणि असा अर्ज पहिल्या पाचात मंजूर होतो. विश्वस्तांच्या बैठका बहुधा महिन्यातून एकदा होतात. तारीख विचारून घ्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि बैठकीनंतर दोन दिवसांनी चौकशीला जा. शिक्षणाच्या मदतीचे अर्ज जून-जुलैत ढिगानं येतात. तुमची पदवी झालेली आहे, त्यामुळे प्रवेशाच्या गर्दीशी तुमचा संबंध नाही. सप्टेंबरनंतर गेलात तर तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला माणूस मोकळा असतो.

अभ्यासिकेत जागा मिळाल्यावर

वेळ पाळा, नोंदवहीत सही करा, मोबाइल बंद ठेवा. एवढं सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचं आहे ते शेजारच्या टेबलावरच्या मुलांशी ओळख वाढवणं. अर्ज भरायची शेवटची तारीख, कोणत्या कंपनीत माणसं घेतायत, कोणत्या वर्गाची फी फुकट जाते, ही सगळी माहिती तिथेच फिरत असते. आठवड्यातून एकदा चौघांनी मिळून एकमेकांच्या मुलाखती घ्या. एकानं विचारायचं, एकानं उत्तर द्यायचं, दोघांनी लिहून घ्यायचं. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नावर निम्मी मुलं आई-वडिलांची नावं आणि गाव सांगून गप्प होतात. हे मोठ्यानं बोलून पाहिल्याशिवाय सुधारत नाही.

मुलींनी अभ्यासिकेची बंद व्हायची वेळ, स्वतंत्र बसायची सोय, स्वच्छतागृह आणि परतीचा रस्ता हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावं. सोय नसेल तर पाच-सहा जणींनी मिळून लेखी मागावी. एकटीची तक्रार वाटते, सहा जणींची मागणी होते.

सेवेतून अनुभव कसा कमवायचा

बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, हा भाग नीट वाचा. सगळ्या जाहिराती अनुभव मागतात आणि नवख्याला अनुभव कुणी देत नाही. धार्मिक संस्थांमध्ये मात्र खऱ्या जबाबदारीची कामं पडलेली असतात आणि ती करायला माणसं हवी असतात.

दानपेटीची मोजणी पाहा. पेटी उघडताना विश्वस्त, कर्मचारी आणि बऱ्याच ठिकाणी बँकेची माणसं हजर असतात. नोटा किमतीनुसार वेगळ्या होतात, शंभराच्या गड्ड्या बांधल्या जातात, नाणी वेगळी, परकीय चलन वेगळं, दागिने वेगळे. प्रत्येक टेबलाचा तक्ता भरतो, सगळ्या तक्त्यांची बेरीज बँकेच्या भरणा पावतीशी जुळवली जाते आणि मगच पंचनाम्यावर सह्या होतात. कॉमर्सच्या मुलीनं ते तक्ते जुळवायचं काम वर्षभर केलं, तर रोकड ताळमेळ काय असतो हे तिला पुस्तकाबाहेर कळलेलं असतं. कलाशाखेच्या मुलानं महाप्रसादाच्या रांगेचं नियोजन केलं, रोज किती पानं उठतात यावरून तांदूळ-डाळीची मागणी काढायला शिकला, तर हॉटेल किंवा मॉलच्या व्यवस्थापनात तेच लागतं. शेगावच्या सेवाधाऱ्यांची शिस्त आणि स्वच्छता पाहून या, म्हणजे गर्दी न ओरडता कशी हाताळतात ते दिसेल. वारीच्या काळात ‘निर्मल वारी’ या स्वच्छतेच्या उपक्रमात महाविद्यालयांतले स्वयंसेवक काम करतात. २०२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तर समोरच आहे. माहिती कक्ष, हरवलेल्या माणसांची नोंद, प्रथमोपचार, भाषांतर, अशी कामं तिथे लागतील.

दोन गोष्टी मात्र न विसरता करा. रोजच्या रोज वहीत लिहा: काय केलं, किती लोक, काय अडलं, कसं सोडवलं. आणि बायोडेटात ‘मंदिरात सेवा केली’ असं लिहू नका. ‘देवस्थानाच्या रोख देणग्यांचे दैनंदिन तक्ते एक्सेलमध्ये भरले आणि बँक भरण्याशी जुळवले’ असं लिहा. मुलाखत घेणाऱ्याला पहिल्या वाक्यातून तुमची श्रद्धा कळते, दुसऱ्यातून तुमचं काम.

शिफारसपत्र

वर्षभर तुम्हाला काम करताना पाहिलेला माणूस तुमच्याबद्दल बोलू शकतो, फक्त त्याला नीट लिहायला सांगा. ‘सदर उमेदवाराचे चारित्र्य चांगले असून त्यास उज्ज्वल भवितव्य लाभो’ हे पत्र कुठल्याही दारात उपयोगी पडत नाही. विश्वस्तांना आदरानं म्हणा, ‘काका, मी केलेल्या कामाचे मुद्दे लिहून आणलेत, त्यातलं तुम्हाला पटेल तेवढंच घाला.’ कामाचं स्वरूप, कालावधी, दिलेली जबाबदारी आणि चौकशीसाठी फोन क्रमांक पत्रात हवा. विश्वस्त मंडळात सीए, वकील, डॉक्टर, दुकानदार, कारखानदार असतात. त्यांच्याकडे नोकरी मागितलीत तर ते अवघडतात. ‘तुमच्या ऑफिसात आठवडाभर बसून काम पाहू का?’ असं विचारलंत तर क्वचितच नाही म्हणतात. त्या आठवड्यात तुम्ही काय करता यावर पुढचं ठरतं.

सावध कुठे राहायचं

मोठ्या देवस्थानांची स्वतःची नोकरभरती जाहिरात देऊन, नियमानं होते. सिद्धिविनायक न्यास १९८० च्या आणि शिर्डी संस्थान २००४ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं, तिथे कुणाच्या ओळखीनं ऑर्डर निघत नाही. ‘संस्थानात कायम लावतो, अमुक लाख द्या’ म्हणणारा माणूस भामटा आहे, मग त्याच्या कपाळावर केवढाही टिळा असो. पोलिसांत जा.

सेवेचंही भान ठेवा. सेवा मनापासून करा, पण तिच्या नावावर रोज दहा तास फुकट राबवून घेणं सुरू झालं आणि शिकायला काहीच मिळेना, तर थांबा. त्या १८५२ च्या सुताराच्या करारातली गोष्ट आठवा: काय शिकवणार, किती दिवस, कोणतं काम सांगणार नाही, हे आधी ठरलं होतं. तुम्हीही पहिल्याच दिवशी कालावधी आणि वेळ बोलून घ्या. मदतीच्या बदल्यात धर्म बदला, अमुक पक्षाच्या सभेला चला, मूळ प्रमाणपत्रं इथेच ठेवा, असं कुणी म्हणालं तर उठून या. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची.

नोकरी लागल्यावर

कर्जाऊ शिष्यवृत्ती घेतली असेल तर पहिल्या पगाराच्या महिन्यातच कार्यालयात जाऊन हप्ता ठरवून घ्या, लहान असला तरी चालेल. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, शेवटच्या हप्त्यानंतर ‘येणे बाकी नाही’ असं पत्र घ्या. पुस्तकपेढीची पुस्तकं पुढच्या तुकडीचे वर्ग सुरू व्हायच्या आत परत करा, त्यांची यादी तुमच्या नावावर अडकलेली असते. तुमची नेमणूक कुठे, कशी झाली, मुलाखतीत काय विचारलं, हे एका पानावर लिहून अभ्यासिकेच्या फलकावर लावायला द्या.